पांढरीच्या नळ्या

रवि. २ नोव्हें.

पत्री पुलाच्या उतारावर आज वाचलो. झोप येणार नाही, म्हणून लिहून काढते.

कल्याणला मामाकडे गेलेलो, परत डोंबिवलीला येत होतो. दादा चालवत होते, बापाच्या बाजूला मी, आई मागे. पुढचा टेम्पो अचानक थांबला. दादांनी ब्रेक दाबला आणि पेडल खालीच गेलं. परत दाबला. परत. मग कुठे धरलं. टेम्पोची मागची फळी काचेला टेकायची बाकी राहिलेली. दादा म्हणाले, काय नाय झालं. आणि मानेवरून घामाचा ओघळ.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता आई बोलली, गावाला मी एस.टी.ने जाणार, ज्यांना पांढरीतून मरायला जायचंय त्यांनी खुशाल जावं. पांढरी म्हणजे दादांची गाडी. सेकंडहँड घेतली तेव्हाच म्हातारी होती, पण दादांसमोर तिला म्हातारी म्हणायची टाप नाही कोणाची. दादांनी आईचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि टीव्ही लावला.

३० ला गावी नव्या विहाराचं उद्घाटन. दादांचं वर्षभर एकच चाललंय: पांढरी वाडीत उतरवायची.

मंगळ. ४ नोव्हें.

प्रशांतचा दिव्याहून फोन. आईने त्याला पुलाचं सांगितलंच. भाऊराय म्हणतात, गाडी विका, गावाला मोठी गाडी भाड्याने करू, सगळे आरामात जाऊ, बहात्तराव्या वर्षी कसला हट्ट. म्हटलं, मग तू सांग दादांना. तर म्हणतो, तू सांग, तू लाडकी. दोघंही शूर.

तो चुकीचं बोलत नाहीये. पण तो लहान होता, त्याला आठवत नाही. वाडी म्हणजे वरच्या गावातून खाडीच्या अंगाला सरळ खाली उतार. डांबरी रस्ता वरच्या गावातच संपायचा. पुढे आमच्या वाडीला पायवाट, दगड, चिखल. तांदूळ, पत्रे, टीव्हीचा खोका, सगळं डोक्यावरून खाली नेलेलं. आजीला ताप डोक्यात गेला तेव्हा तिला झोळीत घालून वर आणलेली, बांबूचं एक टोक दादांच्या खांद्यावर. मी मागून तिची चप्पल घेऊन धावत होते. वर पोचेपर्यंत ती बोलायची थांबलेली.

आता काँक्रीटचा रस्ता झालाय, थेट विहाराच्या दारापर्यंत. दादांना त्याच्यावरून आपल्या गाडीने, आपल्या हाताने उतरायचंय. मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?

पण ब्रेक.

गुरु. ६ नोव्हें.

ड्यूटी दुपारची, म्हणून सकाळी दादांबरोबर गॅरेजला. गॅरेजवाल्याने पॅड बघितले, ठीक. ऑइल ठीक. म्हणाला, चाकाजवळच्या रबरी नळ्या फुगतात, तुमच्या पायाचा जोर तिथेच जिरतो, चाकापर्यंत पोचतच नाही. नवीन लावाव्या लागतील. तो स्वतः भावाच्या लग्नाला चाललाय, महिनाअखेरीआधी हात लावू शकत नाही. दुसऱ्या कोणाच्या हातात दादा पांढरी देणार नाहीत. पूर्वी तेच सगळं करायचे. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जवळचं नीट दिसत नाही, हात कापतो.

घरी येताना मीच बोलून बसले, मी लावते नळ्या.

दादा हसले नाहीत. म्हणाले, तू रोज तेच करतेस की.

शुक्र. ७ नोव्हें.

आज सेंटरवर (नौपाडा) मशीन लावताना दादांचं वाक्य डोक्यात. खरंच की. मी दिवसभर करते काय? नळी जोडा, नळीत पाणी भरा, हवा काढा, टिचक्या मारून शेवटचा बुडबुडा वर घालवा, मग पेशंटचं रक्त त्यातून जाऊ द्या. एक बुडबुडा राहिला तर मशीन बोंबलतं. डायलिसिस म्हणजे अर्धं काम हवेशी भांडण.

जेवणाच्या सुट्टीत गाडीचे व्हिडिओ बघितले. ब्रेकचं पण तसंच. पेडलपासून चाकापर्यंत नुसती बारीक नळी, त्यात ऑइल. ऑइल दबत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकावर जातो. हवा शिरली की जोर हवेत जातो. एवढंच? मी परत परत बघितलं. एवढंच. एवढी मोठी गाडी, आत चार माणसं, सामान, उतार, आणि तिला थांबवतंय काय, तर पेल्याभर ऑइल. मी इतकी वर्षं गाडीत बसतेय, एकदाही मनात आलं नाही की पाय आणि चाक यांच्यामध्ये काय आहे. डबा तसाच राहिला.

राणे काकांनी (खुर्ची खिडकीजवळची, जुने पेशंट) मोबाईलमध्ये डोकावून विचारलं काय बघतेस. सांगितलं. म्हणाले, आमच्यावर हात साफ झाला, आता गाडीवर काय?

रवि. ९ नोव्हें.

डोंबिवली. बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये पांढरी वर चढवली. मागच्या चाकांना विटा, पुढे जॅक, खाली लोखंडी स्टँड. दादा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडतायत. लहानपणी ते स्कूटर उघडायचे तेव्हा मी पाना द्यायला असायचे. आज ते पाना देत होते, आणि दर वेळी चुकीचा.

पुढचं चाक काढलं. टॉर्च मारला. नळी दिसली आणि मी बघतच राहिले. अंगठ्याएवढी फुगलेली, मऊ, गिळगिळीत. बोट लावलं तर ओल्या खोडरबरासारखी साल हातात आली. बोटाचा वास घेतला. खवट खोबरेल. आधी वाटलं माझ्याच केसांचा. दुसरं चाक काढलं, तिथेही तेच.

सहज विचारल्यासारखं विचारलं, दादा, तुम्ही ह्याला काय लावता?

केवढी कळी खुलली त्यांची! दर वर्षी पाऊस संपला की सगळ्या रबराला खोबरेल. दाराच्या पट्ट्या, वायपर, आणि खाली शिरून ह्या नळ्या. रबर सुकता कामा नये. लोक लावत नाहीत म्हणून लोकांची रबरं तडकतात. पांढरीचं एक तरी रबर तडकलंय का बघ.

आमच्या घरात खोबरेल न लावलेली वस्तू म्हणजे फक्त टीव्ही. कुलूप, छत्री, शिलाई मशीन, बिजागऱ्या, पोरांची टाळू. गावाहून डबा यायचा, सगळ्याला पुरायचा. पांढरीच्या कप्प्यात पण एक बाटली कायमची. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी कधी डोक्यात आलं नाही की ते तेल नळ्यांना पण लागत असेल.

खाली पडल्या पडल्याच मोबाईलवर शोधलं. हे रबर तेल पितं आणि फुगतं. ब्रेकच्या रबराला तेलाचा थेंब नको, ग्रीस नको, काही नको. म्हणजे पत्री पूल दादांच्या मायेने झाला.

बाहेर आले. दादांनी चहा पुढे केला, वर बशी झाकलेली, निवू नये म्हणून. मी बशीत ओतून प्यायले.

सोम. १० नोव्हें.

नळ्या मागवल्या. रबराच्या नाही, वरून स्टीलच्या तारेची वेणी असलेल्या. त्या फुगतच नाहीत. पांढरीच्या मापाच्या मिळतायत हे बघून मलाच आश्चर्य.

नितीन म्हणाला, दादांना सांग ना सरळ, त्यात काय. नवऱ्यांना सगळं सरळच दिसतं. ह्या माणसाने आयुष्यात कुठली वस्तू टाकून दिली नाही. कंपनीत पॅकिंग खात्यात उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या, पण पांढरीला ओरखडा नाही. त्याला काय सांगू, तुम्ही जपलीत म्हणून बिघडली?

सांगायला लागेल पण. रविवारी.

शनि. १५ नोव्हें.

पार्सल डोंबिवलीच्या पत्त्यावर आलं. मी ड्यूटीवरून तिकडेच गेले. काय वस्तू आहे! बाहेरून तारेची वेणी, इतकी बारीक विणलेली की नखाने चाचपली तरी टोक सापडत नाही. मध्ये पांढरी नळी. तिचं भोक काडेपेटीच्या काडीएवढं. एवढ्याशा भोकातून आमचा सगळ्यांचा जीव जाणार-येणार. मी दिव्यासमोर धरून आरपार बघत बसले. आई म्हणाली, झालं, बापाचं वेड लेकीला.

दादांनी डोळ्यांजवळ नेऊन, बोटांनी चाचपून बघितली. बराच वेळ. माणसाने केलंय हे? असं विचारलं. मग अलगद डब्यात ठेवून डबा कपाटात, आईच्या साड्यांशेजारी.

आजही बोलले नाही. उद्या लावताना बोलते.

रवि. १६ नोव्हें.

सकाळी डबा उघडला. नळ्यांची तोंडं चकाकत होती. तांब्याचे वायसर पण.

वास घ्यायची गरजच नव्हती. दादा बाजूला उभे. म्हणाले, तुला घट्ट बसवायला त्रास नको म्हणून सकाळीच बोट फिरवून ठेवलं.

आमच्या सेंटरला नळीच्या तोंडाला नुसतं बोट लागलं तरी सगळा सेट कचऱ्यात. कोणी विचारत पण नाही का. इथे ते तेल ऑइलमध्ये उतरलं असतं आणि आतल्या, चाकाच्या सिलिंडरच्या रबरापर्यंत गेलं असतं. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी पाना खाली ठेवला आणि सांगितलं. तेल लावायचं नसतं. रबर तेल पितं.

त्यांनी जुन्या नळीकडे बघितलं. मी काढलेली, पेपरवर ठेवलेली. उचलली, दाबली. मग विचारलं,

"म्हणजे पुलावर मीच..."

मी म्हटलं, रबर जुनंच होतं, दादा.

"पेशंटला असंच सांगतेस काय?"

नाही. आम्ही पेशंटला खरं सांगतो. म्हणून खरं सांगितलं. हो, तेलानेच. दर वर्षीच्या.

त्यांनी नळी परत पेपरवर ठेवली, पेपरची घडी केली आणि वर निघून गेले. जिना चढताना कठड्याला धरून. मी खाली एकटीच नळ्यांची तोंडं स्प्रेने धूत बसले. रडू आलं, आणि स्वतःचा रागही. आठ दिवस आधी सांगितलं असतं तर निदान नव्या नळ्यांना तेल लागलं नसतं. वर गेले तर दादा गॅलरीत, पाठ करून. जेवायला पण माझ्यासमोर बसले नाहीत. आई ताट वाढता वाढता म्हणाली, तू बरोबर केलंस, पण आज इथून जा.

पांढरी कंपाउंडमध्ये चाकांशिवाय उभी.

मंगळ. १८ नोव्हें.

प्रशांतचा फोन. आवाजात आनंद लपत नव्हता. दादा स्वतःच म्हणाले म्हणे, पांढरी विकून टाक. मी आता चालवणार नाही, बायकोला मारली असती मी.

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला हेच हवं होतं ना मनात कुठेतरी? त्यांनी घाटात गाडी चालवू नये. मग जीव का तुटतोय माझा.

आईला फोन केला. म्हणाली, ह्यांनी तेलाची बाटली गाडीतून काढून आणली आणि ओट्यावर ठेवली, म्हणाले स्वयंपाकघरातच ठेव. काल झोपताना डोक्याला पण नाही लावलं.

गुरु. २० नोव्हें.

नवे वायसर मिळाले. नळ्या आतून तीनदा ब्रेक ऑइलने धुतल्या, झाकणं लावून पिशवीत बंद. बुडबुडे बघायला पारदर्शक नळी हवी होती. सलाइनची बसत नाही, बारीक. शेवटी फिश टँकवाल्याकडून घेतली. कशाला हवी विचारलं, गाडीला म्हटल्यावर माझ्याकडे बघत राहिला.

हवा काढायला दोघं लागतात. एक खाली चाकाशी, एक वर पेडलवर. नितीन म्हणाला, मी येतो रविवारी. यायला तयार आहे हेच खूप, त्याला पाना म्हणजे पाण्याचा नळ फिरवायची वस्तू.

दुपारी दादांना फोन लावला. म्हटलं, विकायची तर विका, पण विकायला तरी ब्रेक लागतील ना. पेडलवर कोण बसणार?

तिकडे टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, किती वाजता?

रवि. २३ नोव्हें.

कसं लिहू. सगळं लिहायचंय.

सकाळी लवकर सुरुवात. जुने नट गंजलेले, एक काही केल्या हलेना. स्प्रे मारून थांबले, परत मारला, परत थांबले. शेवटी कर्र करून सुटला तेव्हा मी जमिनीवर पडल्या पडल्या त्याला जयभीम घातला. नवी नळी लावली, पीळ नाही ना बघितलं, चाक वळवून कुठे घासत नाही ना बघितलं. चारी झाल्या.

मग हवा. दादा ड्रायव्हरच्या सीटवर, नव्या चपला काढून अनवाणी. म्हणाले पायाला कळलं पाहिजे. मी त्यांना आमच्या सेंटरची पद्धत सांगितली: काही करायच्या आधी मोठ्याने बोलायचं, आणि दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय पुढचं करायचं नाही. मी म्हणणार दाबा. तुम्ही दाबून धरायचं आणि म्हणायचं धरला. मग मी खालचा नट सोडणार, ऑइल येणार, नट बंद. मग मी म्हणणार सोडा. त्याच्या आधी पाय उचललात तर हवा परत आत.

आई वरून गॅलरीतून बघत होती. धुणं वाळत घालायच्या निमित्ताने. एकच पंचा दहादा झटकत होती.

सगळ्यात लांबच्या चाकापासून. दाबा. धरला. सोडा. दाबा. धरला. सोडा. पहिल्यांदा नळीत नुसता फेस. मग मोठे बुडबुडे, मग मोत्यासारखे, मग एखादा. ऑइलचा डबा मध्येच भरायचा, रिकामा होऊ द्यायचा नाही. मी खाली आडवी, तोंडावर धूळ, मला दादा दिसत नाहीत, त्यांना मी दिसत नाही. नुसता आवाज. किती तरी वर्षांत आम्ही इतका वेळ एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि शब्द तीनच. त्यांचा आवाज सुरुवातीला बारीक होता. तिसऱ्या चाकाला नेहमीसारखा झाला.

शेवटच्या चाकाला बुडबुडे थांबले. नळीत स्वच्छ सोनेरी ऑइल, चहासारखं. मी दाबा म्हटलं. वरून काही नाही. परत म्हटलं. मग दादा म्हणाले,

"बाय, खाली जातच नाय. दगडावर पाय ठेवल्यासारखा."

मी बाहेर आले आणि स्वतः हाताने पेडल दाबून बघितलं. कडक. इथे माझा हात, आणि तिकडे चारी चाकं धरलेली. मधलं ते पेल्याभर ऑइल आणि काडीएवढं भोक. मला माहीत होतं कसं होतं ते, मीच जोडलेलं, तरी माझा विश्वास बसेना. दोघं येड्यासारखे पेडलकडे बघत बसलो.

मग जोराने दाबून धरायला सांगून एकेका सांध्याखाली कागद धरला. कोरडा. कोरडा. कोरडा. कोरडा.

सोम. २४ नोव्हें.

दुसऱ्याने बघितल्याशिवाय आम्ही सुई टोचत नाही, तर हे कसं सोडू. गॅरेजवाला लग्नाहून आला असेल तर बघावं म्हणून सकाळी फोन केला. कालच आलेला, हळदीचा हात अजून पिवळा. कंपाउंडमध्येच आला, टॉर्च मारून चारी सांधे बघितले, पाना लावून बघितला. एक नट किंचित अजून आवळला. बाकी ठीक म्हणाला.

मग रस्ता. एम.आय.डी.सी.च्या आतला, रुंद, सकाळी रिकामा. मी म्हटलं, मी एकटी चालवून बघते, तुम्ही इथे थांबा. दादांनी पलीकडचं दार उघडलं आणि बसले. पट्टा लावला. मी म्हटलं उतरा. नाही उतरत. काही झालं तर? म्हणाले, "तू लावलेत ना? मग झालं."

असं कोणी बोलू नये माणसाशी. सेंटरला रोज माणसं येतात, शर्टाची बाही वर करतात, हात पुढे करतात आणि डोळे मिटतात. राणे काका तर घोरतात. मी कधी विचारच केला नाही की हे कसं जमतं त्यांना. आज बाजूला दादा बसले तेव्हा कळलं, आणि मग इतकं कळलं की पहिल्या गिअरमध्ये गाडी दोनदा बंद पडली.

हळू चालवून थांबले. थोड्या वेगात थांबले. मग मोकळं बघून जोरात दाबला. पांढरी जागच्या जागी उभी. आम्ही दोघं पट्ट्यात लोंबकळलो. दादांनी डॅशबोर्डवर हात फिरवला.

परत येताना म्हटलं, आता तुम्ही घ्या. नको म्हणाले. चालवणार नाही म्हटलंय ना.

गुरु. २७ नोव्हें.

गावाला पांढरीनेच जायचं ठरलं. मी चालवणार. विकायचा विषय प्रशांतने काढला तर दादा म्हणाले, गावाहून आल्यावर बघू. तो बायकापोरांना घेऊन आधीच एस.टी.ने जातोय. आईही तशीच जाणार, तिची पिशवी वेगळी भरलेली.

राणे काकांनी विचारलं गाडी थांबली का. थांबली म्हटलं. आज सुई लावताना त्यांनी डोळे मिटले तसं मी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, काय, विसरलीस?

शनि. २९ नोव्हें.

सकाळी निघताना आई पिशवी घेऊन खाली आली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. शनिवारी एस.टी.ला गर्दी असते म्हणाली. दादांनी तिच्या बाजूची काच खाली करून दिली.

घाटात एकदाही पाय बुडाला नाही. मी दर वळणाला गरज नसतानाही थोडा दाबून बघत होते, दादा दर वेळी माझ्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी बघायचं सोडलं आणि डोंगराकडे बघायला लागले. खेडच्या पुढे चक्क झोपले, तोंड उघडं.

रात्री वरच्या गावात मावशीकडे मुक्काम. उद्या सकाळी खाली.

रवि. ३० नोव्हें.

उताराच्या तोंडाशी उभे आहोत. गाडी बंद. पर्समधून वही काढलीय, कारण हे नंतर लिहिलं तर असं राहणार नाही.

रस्ता मी समजले होते त्याहून उभा. खाली विहाराचा पांढरा घुमट, निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, आणि पलीकडे खाडी. स्पीकरवर वंदना चाललीय, इथपर्यंत ऐकू येतेय. प्रशांत खाली रस्त्याच्या मधोमध मोबाईल वर धरून उभा, शूटिंगसाठी. बावळटाला बाजूला हो म्हणून हात केला तर त्याने पण हात केला. आता कोणीतरी त्याला ओढून कडेला घेतलं.

मघाशी मी खाली उतरून चावी दादांपुढे धरली. नको म्हणाले. तुझ्या हातचं काम आहे, तूच उतरव. मी म्हटलं, हात माझा होता, पाय तुमचा होता. त्यांनी चावीकडे बघितलं. मग रस्त्याकडे. ह्याच्याच बाजूने ती जुनी वाट होती, तिचा एक तुकडा अजून दिसतो झाडीत, दगड वर आलेले. मी बघितलं ते कुठे बघतायत. आजीची झोळी इथूनच वर आलेली.

चावी घेतली. चपला काढून मागे आईकडे दिल्या. आईला म्हटलं, तुला हवं तर तू चालत ये, आम्ही खाली थांबतो. तिने चपला मांडीवर घेतल्या आणि पट्टा लावला. कधी लावत नाही मागे.

इंजिन चालू. पहिला गिअर. दादांनी ब्रेक दाबला आणि हँडब्रेक खाली केला. गाडीचं तोंड खाली, पुढे नुसता उतार, आणि ती जागची हलली नाही.

समोर बघत दादा म्हणाले, "धरला."

आणि थांबलेत. माझ्याकडे बघत नाहीत. सोडा मी म्हणायचंय.